आजाऱ्याच्या उशाशी विडी

श्वसनमार्गाच्या साथीत ज्वराने अंथरुणास खिळलेल्या माणसाने विडी ओढावी काय, हा प्रश्न विचारण्याजोगादेखील नाही, असे सुज्ञ म्हणतील. परंतु व्यवहार निराळा आहे. ‘एक झुरका घेतला म्हणजे कफ सुटतो’ हा समज अनेक घरांत दृढ आहे. आणि समाचारास आलेला सोयरा ओसरीवर विडी शिलगावतो, तेव्हा त्यास हटकणे घरच्यांस अशिष्टपणाचे वाटते.

राहात्याच्या नागरिकांनी या विषयाकडे क्षुल्लक म्हणून पाहू नये. नगर-मनमाड रस्त्यावरील ही पेठ शिर्डीच्या शेजारी आहे, आणि यात्रेकरूंच्या गर्दीबरोबर साथीही येतात. २०२० साली शिर्डीचे मंदिर १७ मार्चपासून १६ नोव्हेंबरपर्यंत दर्शनास बंद होते. त्या काळाची आठवण व्यापारीवर्गास निराळी करून देण्याचे कारण नाही.

आता धूर काय करतो ते पाहा. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. ते अहोरात्र हलून कफ, धूळ व रोगबीजे वर लोटतात. विडीचा धूर प्रथम या पहारेकऱ्यांसच लुळे करतो. धुराने खोकल्याची उबळ येते, तिलाच लोक कफ सुटणे समजतात. वस्तुतः कफ आतच साचतो. शिवाय धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. ज्या रोगात प्राणवायूच्या एकेका घोटासाठी झगडावे लागते, त्यात हा घरभेदीपणा किती घातक, हे सांगणे नकोच.

२०२० च्या एप्रिलात पॅरिसच्या काही संशोधकांनी, निकोटिन करोनापासून रक्षण करीत असावे, असा तर्क मांडला होता. व्यसनी मंडळींस तो आवडला यात नवल नाही. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन ११ मे २०२० रोजी जाहीर केले की, धूम्रपान करणाऱ्यांस तो रोग तीव्र स्वरूपात होण्याचा संभव अधिक. इन्फ्लुएन्झाचीही गोष्ट तीच आहे.

‘आयुष्यभर ओढली, आता आजारपणात सोडून काय लाभ?’ असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर असे की, शेवटच्या विडीनंतर सुमारे १२ तासांत रक्तातील तो विषारी वायू उतरून पूर्वपदावर येतो. म्हणजे ज्वराच्या पहिल्या दिवशी टाकलेली विडीदेखील त्याच आजारात उपयोगी पडते. निश्चय डळमळल्यास १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

सार्वजनिक जागी धूम्रपान करणारास २०० रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु कायद्याचा हात घराच्या ओसरीपर्यंत पोहोचत नाही. तेथे कर्त्या माणसानेच बोलले पाहिजे. आजाऱ्याच्या घरी येणाऱ्यास ‘विडी बाहेर ठेवून या’ असे सांगण्यात पाहुण्याचा अपमान नाही. ज्याच्या समाचारास तो आला, त्याच्याच श्वासाचे ते रक्षण आहे. राहात्यातील प्रतिष्ठित घरांनी हा पायंडा प्रथम पाडावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.