लाठीचा भुर्दंड कोणी सोसायचा?

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात मॉट हेवन नावाची वस्ती आहे. पोलिसांच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर, ४ जून २०२० रोजी, तिथे निषेधाचा मोर्चा निघाला. शहरात रात्री आठपासून संचारबंदी होती. आठला काही मिनिटे कमी असतानाच पोलिसांनी पुढून आणि मागून रस्ता अडवून मोर्चा कोंडला. आठ वाजले, आणि ज्यांना बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती त्यांच्यावर संचारबंदी मोडल्याचा ठपका आला. मग लाठ्या, मिरपुडीचे फवारे, अटक. २०२३ मध्ये शहराने खटल्यात तडजोड केली आणि कोंडीत सापडलेल्या प्रत्येकाला २१,५०० डॉलर द्यायचे ठरले. पात्र लोक तीनशेच्या वर होते.

असे आकडे छापून आले की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. मोर्चात जायचे, दोन लाठ्या खायच्या आणि पैसे घेऊन घरी यायचे, धंदा बरा आहे! पण मॉट हेवनचा प्रसंग बघितला तर गुन्हा घडायच्या आधीच गुन्हेगार गोळा करून ठेवले होते, असेच म्हणावे लागते. अशाच प्रकरणात डेन्व्हर शहराने तडजोड न करता खटला लढवला. २०२२ मध्ये ज्युरीने १२ आंदोलकांना मिळून १ कोटी ४० लाख डॉलर देण्याचा निर्णय दिला. त्यांतल्या एकाच्या डोक्यावर शिशाचे छर्रे भरलेली पिशवी आदळून कवटी फुटली होती. त्या माणसाला मिळालेल्या रकमेला बक्षिसी म्हणण्याची हिंमत निदान मला होत नाही.

रक्कम घेणाऱ्याच्या बाजूने मला अन्याय दिसत नाही. तो देणाऱ्याच्या बाजूला आहे. न्यूयॉर्कमध्ये अशा तडजोडींचे पैसे शहराच्या सामाईक तिजोरीतून जातात, पोलिस खात्याच्या तरतुदीला त्याची झळ लागत नाही. कायद्याच्या प्राध्यापक जोआना श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पोलिस खात्यांचा हिशेब मांडला होता. नागरिकांना मिळालेल्या भरपाईपैकी ९९.९८ टक्के रक्कम सरकारी पैशातून गेली होती. म्हणजे ज्या वस्तीतली माणसे मार खातात, तिनेच भरलेल्या करातून त्या माराची किंमत चुकती होते. कोलोरॅडो राज्याने २०२० मध्येच यावर कायदा केला. आपण करतो ते कायदेशीर आहे असा पोलिसाचा प्रामाणिक समज नव्हता असे ठरले, तर भरपाईतले ५ टक्के किंवा २५,००० डॉलर, यांत जे कमी असेल ते त्याने स्वतः भरायचे. रक्कम मोठी नाही, पण खिशाला हात जातो.

आपल्याकडचे उदाहरण दिल्लीच्या रामलीला मैदानाचे. ४ जून २०११ च्या मध्यरात्री रामदेवबाबांच्या शिबिरात झोपलेल्या लोकांना पोलिसांनी उठवून हुसकावले. अश्रुधूर सोडला, लाठ्या चालल्या. मणक्याला मार लागलेली एक महिला पुढे दगावली. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये निकाल दिला. मृत महिलेच्या वारसांना ५ लाख, गंभीर जखमींना ५० हजार आणि किरकोळ जखमींना २५ हजार रुपये. त्यातही एक मेख होती. लोकांना शांतपणे पांगण्यास न सांगितल्याबद्दल न्यायालयाने आयोजक ट्रस्टलाही २५ टक्के जबाबदार धरले. दोषी पोलिसांवर कारवाई करा, असेही बजावले. भरपाईचा भार मात्र सरकार आणि ट्रस्ट यांच्यात वाटला गेला.

ट्रस्टचा वाटा मला पटतो. हजारो माणसे जमवणाऱ्याने त्यांना सुखरूप घरी धाडण्याची जबाबदारीही घ्यावी. रकमा पटत नाहीत. न्यायालयाने स्वतःच त्यांना तदर्थ म्हटले आहे, आणि तदर्थ म्हणजे अंदाजपंचे. मोटार अपघातात वय, कमाई, अपंगत्वाची टक्केवारी धरून भरपाईचे गणित मांडले जाते. पोलिसांच्या लाठीने मोडलेल्या हाताला तसे गणित का नसावे? नीलाबती बेहेरा खटल्यात, १९९३ साली, कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देताना सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला होता की मूलभूत हक्कांवर घाला पडला तर सरकारला सार्वभौमत्वाच्या आडोशाला लपता येणार नाही. आडोसा गेला, हिशेब मात्र अजून लागायचा आहे.

भरपाई द्यावीच, आणि ती पोलिस खात्याच्या तरतुदीतून वळती व्हावी, असे माझे मत आहे. ज्याने बेकायदा हुकूम दिला त्या अधिकाऱ्याच्या पगारातून थोडा तरी वाटा कापला जावा. नुसत्या शिपायावर भागवू नये, कारण तो हुकमाचा ताबेदार असतो. असा कायदा होईल तेव्हा होवो. तोवर विधिमंडळात गृह खात्याच्या मागण्या चर्चेला येतील, तेव्हा वर्षभरात पोलिसी बळाबद्दल किती भरपाई दिली, कोणाच्या हुकमामुळे आणि कोणत्या लेखाशीर्षातून, एवढे तरी आमदारांनी विचारावे.