प्लाझ्मा : कोणाला, केव्हा आणि कोणाचा?

‘प्लाझ्मा तातडीने हवा, कोविडमधून बरे झालेल्यांनी संपर्क साधावा’ असे संदेश २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर रात्रंदिवस फिरत होते. प्लाझ्मा, म्हणजे बरे झालेल्याच्या रक्तातला द्रव भाग, मिळाला असता तर आपले माणूस वाचले असते, ही बोच अनेक घरांत आजही आहे. त्या घरांसाठी आधी हे सांगायला हवे: रुग्णालयात दाखल झालेल्या बहुतेक कोविड रुग्णांचे प्राण प्लाझ्मामुळे वाचले नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२० मध्ये ३९ रुग्णालयांतील ४६४ रुग्णांवर चाचणी घेतली. प्लाझ्मा दिलेल्यांपैकी १९ टक्के आणि न दिलेल्यांपैकी १८ टक्के रुग्णांचा आजार तीव्र झाला किंवा त्यांचा मृत्यू झाला. ब्रिटनमधील ११ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण २४ टक्केच निघाले. मे २०२१ मध्ये भारताने हा उपचार मार्गदर्शक सूचनांतून वगळला.

पण म्हणून प्लाझ्मा थोतांड ठरत नाही. अर्जेंटिनाच्या मक्याच्या पट्ट्यात उंदरांमार्फत पसरणारा जुनिन विषाणूचा रक्तस्रावी ताप शेतमजुरांचे बळी घ्यायचा. डॉ. हुलिओ मैझतेगी आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांना बरे झालेल्यांचा, तर काहींना साधा प्लाझ्मा दिला. १९७९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले: साध्या प्लाझ्माच्या गटात १६.५ टक्के मृत्यू, दुसऱ्या गटात अवघे १.१ टक्के! मात्र हा प्लाझ्मा ताप आल्यापासून पहिल्या आठ दिवसांतच दिला होता.

सगळी मेख या दिवसांत आहे. दात्याच्या प्लाझ्मातील अँटीबॉडी (प्रतिपिंडे) विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. कोविडचा रुग्ण ऑक्सिजनवर जातो तोवर त्याच्या शरीरातील दाह बेभान झालेला असतो. त्यावर अँटीबॉडींचा इलाज चालत नाही. शिवाय आयसीएमआरच्या चाचणीतील सुमारे ८३ टक्के रुग्णांच्या रक्तात सुरुवातीलाच स्वतःच्या अँटीबॉडी सापडल्या होत्या. याउलट, अर्जेंटिनातच ६५ वर्षांवरील कोविड रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून ७२ तासांत भरपूर अँटीबॉडी असलेला प्लाझ्मा दिला, तेव्हा गंभीर आजाराचे प्रमाण ३१ वरून १६ टक्क्यांवर आले.

‘भरपूर’ हा शब्द इथे महत्त्वाचा. बरा झालेला कोणीही दाता चालतो, हे खरे नाही. सौम्य आजार झालेल्या अनेकांच्या रक्तात अँटीबॉडी बेताच्याच असतात. रक्तगटही जुळावा लागतो, पण रक्तदानाच्या उलट: प्लाझ्मा सर्वांना चालतो तो एबी गटाचा. दाता अशक्त होतो, ही भीतीही अनाठायी आहे. यंत्र प्लाझ्मा वेगळा काढून तांबड्या पेशी परत शरीरात सोडते.

प्लाझ्मा लशीची जागा घेऊ शकत नाही, कारण या उसन्या अँटीबॉडी काही आठवड्यांत ओसरतात. पण रक्ताच्या कर्करोगामुळे किंवा त्यावरच्या औषधांमुळे ज्यांचे शरीर स्वतः अँटीबॉडी बनवू शकत नाही, अशा रुग्णांसाठी डॉक्टर आजही या उपचाराचा विचार करतात.