फ्रेम नेमकी कुठे अडते?

डेस्कटॉप संगणकावर गेम खेळणाऱ्यांपुढे दर तीन-चार वर्षांनी एक प्रश्न हमखास उभा राहतो. नवा गेम अडखळत चालतो, हाताशी ठरावीक रक्कम असते आणि तेवढ्यात संगणकाचा एखादाच भाग बदलता येणार असतो. तो भाग कोणता असावा? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातील संगणकाच्या दुकानापर्यंत या प्रश्नाचे ‘ग्राफिक्स कार्ड’ हे उत्तर तयारच असते आणि पुष्कळदा ते बरोबरही ठरते. परंतु ज्या वेळी ते चुकते, त्या वेळी संगणकातील सर्वांत महाग भाग नवा बसवूनही पडद्यावरचे चित्र पूर्वीइतकेच अडखळत राहते. म्हणून बदलाचा क्रम भागांच्या किमतीवरून किंवा नावीन्यावरून न लावता, पडद्यावर येणारे चित्र तयार होताना नेमके कुठे खोळंबते हे मोजून लावायला हवा. आणि हे मोजमाप घरच्या घरी, एक पैसाही न खर्चता करता येते.

गेममधील हालचाल म्हणजे एकामागोमाग झरझर दाखवलेली स्थिर चित्रे असतात व त्यांतील प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. सेकंदाला 60 फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे 16.7 मिलिसेकंद येतात आणि 144 हव्या असतील तर जेमतेम 6.9 मिलिसेकंद. एवढ्या अवधीत प्रथम प्रोसेसर खेळाडूची कळ दाबलेली ओळखतो, पात्रांच्या हालचाली, टकरी आणि शत्रूंचे डावपेच यांचा हिशेब करतो व पडद्यावर काय काढायचे याची यादी बनवतो. मग त्या यादीनुसार ग्राफिक्स कार्ड प्रत्येक बिंदूचा रंग, प्रकाश आणि सावली ठरवून चित्र रंगवते. ही दोन्ही कामे पोळ्यांच्या घाण्यासारखी एकाच वेळी चालू असतात: एक जण लाटतो, दुसरा भाजतो, आणि लाटणारा संथ असेल तर तवा कितीही मोठा आणला तरी ताटात पडणाऱ्या पोळ्यांची संख्या वाढत नाही. दोहोंपैकी जो संथ, त्याचाच वेग अखेर खेळणाऱ्याला मिळतो. या अडलेल्या जागेला संगणकाच्या व्यवहारात ‘बॉटलनेक’ म्हणतात.

ही जागा शोधण्याची सर्वांत खात्रीची कसोटी रिझोल्यूशनची, म्हणजे पडद्यावरील बिंदूंच्या संख्येची आहे. 1920 गुणिले 1080 बिंदूंच्या पडद्यावर, ज्याला बोलीत 1080पी म्हणतात, प्रत्येक फ्रेममध्ये 20,73,600 बिंदू रंगवावे लागतात. 1440पी पडद्यावर ही संख्या 36,86,400 होते आणि 4के पडद्यावर 82,94,400, म्हणजे 1080पीच्या बरोबर चौपट. बिंदू वाढले की ग्राफिक्स कार्डाचे काम वाढते. प्रोसेसरला मात्र शत्रू तेवढेच आणि भिंतीही तेवढ्याच असतात, त्यामुळे त्याच्या कामात फारसा फरक पडत नाही. समजा, एखादा गेम 1080पीवर सेकंदाला 58 फ्रेम देतो. सेटिंगमध्ये जाऊन तोच गेम 720पीवर आणला, म्हणजे बिंदू निम्म्याहून कमी केले, आणि आकडा 95पर्यंत चढला, तर अडथळा ग्राफिक्स कार्डात होता. तो 60च्या आसपासच घुटमळला, तर ग्राफिक्स कार्ड आधीपासूनच रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत होते, असा निष्कर्ष निघतो. कसोटी घेताना फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी जुळवणारे व्ही-सिंक आणि फ्रेमची कमाल मर्यादा घालणारी इतर सेटिंग बंद ठेवावी लागतात. अन्यथा 60 हर्ट्‌झच्या मॉनिटरवर दोन्ही वेळा 60 हाच आकडा दिसून निदान पूर्णपणे फसते.

एमएसआय आफ्टरबर्नरसारखी मोफत साधने खेळ चालू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात भागांचा वापर, तापमान आणि फ्रेमचा वेळ दाखवतात. ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत 95 टक्क्यांच्या वर असेल तर ते पूर्ण क्षमतेने राबत आहे, असे समजावे. प्रोसेसरच्या आकड्यावर मात्र इतका सरळ विश्वास टाकता येत नाही. सहा कोअर आणि बारा थ्रेड असलेल्या प्रोसेसरमध्ये गेमचा मुख्य थ्रेड पूर्ण व्यापला गेला तरी एकूण वापरात त्याचा वाटा केवळ सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास भरतो. त्यामुळे टास्क मॅनेजरमध्ये ‘40 टक्के वापर’ दिसत असतानाही गेम प्रोसेसरपाशीच अडलेला असू शकतो. म्हणून प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीपेक्षा ग्राफिक्स कार्ड रिकामे राहते आहे का, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

खेळाच्या जातीनुसारही निदान बदलते. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक 2’ यांसारख्या स्पर्धात्मक खेळांत चित्र तुलनेने साधे असते, पण सेकंदाला दोन-तीनशे फ्रेमची अपेक्षा असते आणि तेथे भार प्रोसेसरवर येतो. ‘सायबरपंक 2077’मध्ये रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग गणिताने काढण्याची पद्धत, सुरू केली की ग्राफिक्स कार्ड घामाघूम होते. ‘कोणता भाग चांगला’ या प्रश्नाआधी ‘कोणता खेळ, कोणत्या पडद्यावर’ हे विचारले गेले नाही, तर दुकानातला सल्ला प्रामाणिक असूनही निरुपयोगी ठरू शकतो.

आता एक नेहमीचे उदाहरण घेऊन हा विचार तपासता येईल. 2020च्या आसपास मध्यम खर्चात जुळवलेला एक संगणक कल्पावा: बी450 चिपसेटचा मदरबोर्ड, 2019मध्ये आलेला रायझन 5 3600 प्रोसेसर, जीटीएक्स 1660 सुपर ग्राफिक्स कार्ड, 8 जीबी रॅमची एकच पट्टी, एक टीबीची हार्ड डिस्क, 450 वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा भाग) आणि 60 हर्ट्‌झचा 1080पी मॉनिटर. या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्याचा मोह स्वाभाविक आहे. तरीही त्याचा क्रम तिसरा लागतो.

पहिला क्रम रॅमचा आहे. आजच्या मोठ्या खेळांना 16 जीबी रॅम सर्रास लागते आणि ती अपुरी पडली की विंडोज उरलेली सामग्री डिस्कवर ठेवू लागते. ती परत आणताना खेळ क्षणभर थिजतो. सरासरी आकडा 70 फ्रेमचा असूनही खेळ अडखळतो, तो अशाच क्षणांमुळे. हे क्षण पकडण्यासाठी ‘वन पर्सेंट लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग, पाहावा लागतो आणि सरासरीपेक्षा तोच आकडा खेळणाऱ्याच्या अनुभवाशी अधिक इमान राखतो. एकच पट्टी असण्याचा आणखी एक तोटा आहे. प्रोसेसर आणि रॅम यांच्यात दोन वाहिन्या असतात. 3200 वेगाची डीडीआर4 पट्टी एका वाहिनीवर सेकंदाला 25.6 जीबी माहिती वाहते, तर दोन पट्ट्या योग्य जागी बसवल्यास ही क्षमता 51.2 जीबी होते. चार जागांच्या बहुतेक मदरबोर्डवर योग्य जागा म्हणजे प्रोसेसरकडून मोजता दुसरी आणि चौथी. शक्यतो त्याच जातीची दुसरी पट्टी घ्यावी, कारण वेगवेगळ्या वेगांच्या पट्ट्या संथ पट्टीच्या वेगाने चालतात. याखेरीज बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, ‘एक्सएमपी’ हे सेटिंग चालू केले नसेल, तर 3200चे पैसे देऊन घेतलेली रॅम 2400 किंवा 2666 वेगानेच धावत राहते, आणि कित्येक संगणकांत हे वर्षानुवर्षे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा क्रम एसएसडीचा. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर ते दोनशे एमबी वाचते, साधी साटा एसएसडी साडेपाचशेच्या आसपास, आणि बी450 मदरबोर्डच्या एम.2 जागेत बसणारी एनव्हीएमई एसएसडी साडेतीन हजारांपर्यंत. एसएसडीने सरासरी फ्रेम वाढत नाहीत. परंतु विस्तीर्ण जगाचे खेळ चालता चालता पुढचा प्रदेश डिस्कवरून ओढून आणतात आणि तेथे हार्ड डिस्क मागे पडते. 2023मध्ये आलेल्या ‘स्टारफील्ड’ने तर किमान गरजांतच एसएसडीचा समावेश केला. या मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या मार्गिकांची, तिसरी पिढी असल्याने पाचव्या पिढीच्या महागड्या एसएसडीचा वेग वाया जाईल.

यानंतर ग्राफिक्स कार्ड, आणि येथे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. जीटीएक्स 1660 सुपरमध्ये रे ट्रेसिंगचे स्वतंत्र हार्डवेअर नाही. डिसेंबर 2024मधील ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे 2025मधील ‘डूम: द डार्क एजेस’ या खेळांना ते अनिवार्य असल्याने, असे खेळ खेळायचे असतील तर बदल टळत नाही. मात्र नवे कार्ड जुन्या मदरबोर्डशी कसे जुळते, हे खोक्यावर ठळक छापलेले नसते. जानेवारी 2022मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स 6500 एक्सटी हे याचे बोलके उदाहरण आहे. त्याची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम, केवळ 4 जीबी आहे आणि मदरबोर्डशी ते फक्त चार मार्गिकांनी बोलते. व्हीरॅम भरली की कार्डाला उरलेली सामग्री याच मार्गिकांवरून मुख्य रॅममधून मागवावी लागते. तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर प्रत्येक मार्गिका सेकंदाला सुमारे एक जीबी माहिती वाहत असल्याने सगळी मिळून क्षमता जेमतेम चार जीबी उरते, तर पूर्ण सोळा मार्गिकांच्या कार्डाला ती सोळा जीबी मिळते. जुन्या संगणकाचा मालक स्वस्त कार्ड म्हणून ते घेतो आणि नेमका त्याच्याच संगणकात ते सर्वाधिक मार खाते, ही खरेदीदारावर अन्याय करणारी रचना आहे. आरटीएक्स 4060 हे आठ मार्गिकांचे, 8 जीबी मेमरीचे आणि 115 वॉटचे कार्ड या संगणकात 1080पीसाठी निभावते. 2025मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स 9060 एक्सटी सोळा मार्गिकांचे असून त्याच्या 16 जीबी आवृत्तीत मेमरीची चिंता बराच काळ राहत नाही. तूर्त पैसे नसतील तर एफएसआरसारखे अपस्केलिंग, म्हणजे चित्र कमी बिंदूंत रंगवून गणिताने मोठे करण्याची युक्ती, जुन्या कार्डावरही चालते.

ग्राफिक्स कार्डाचा विचार एसएमपीएसला वगळून करता येत नाही. मदरबोर्डची जागा कार्डाला 75 वॉट पुरवते, आठ पिनांची प्रत्येक जोडणी आणखी 150 वॉट. शिवाय काही मिलिसेकंदांसाठी कार्ड नेमून दिलेल्या आकड्यापेक्षा बरीच अधिक वीज ओढते. खेळ ऐन रंगात असताना संगणक अचानक बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर संशयाची सुई आधी एसएमपीएसकडे वळावी. ‘80 प्लस’ हे चिन्ह विजेचा किती भाग वाया जात नाही एवढेच सांगते. बिघाडाच्या वेळी एसएमपीएस इतर भागांना वाचवेल की नाही, हे त्यातून कळत नाही. कॅबिनेटसोबत आलेला बिननावाचा एसएमपीएस असल्यास, तो चालू स्थितीत असला तरी, नव्या कार्डाआधी बदलणेच शहाणपणाचे. बदलताना जुन्या एसएमपीएसच्या सुट्या केबल नव्याला कधीही जोडू नयेत, कारण पिनांची मांडणी वेगळी असते आणि एका क्षणात डिस्क किंवा मदरबोर्ड जळू शकतो.

खरेदीपूर्वी तापमान पाहण्याची सवय महाराष्ट्रात तर अत्यावश्यक मानावी. विदर्भात मे महिन्यात बाहेरचा पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा धुळीने बुजलेल्या जाळीचे कॅबिनेट खोलीतली तापलेलीच हवा आत घेते. रायझन 5 3600 सुमारे 95 अंशांना पोचला की स्वतःचा वेग उतरवतो आणि मालकाला वाटते की प्रोसेसर जुना झाला. पंख्यांची सफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढ्याने हरवलेला वेग परत मिळाल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

मॉनिटरचा प्रश्न थोडक्यात सुटतो. 60 हर्ट्‌झचा पडदा सेकंदाला 60पेक्षा अधिक वेळा चित्र बदलत नाही. तेव्हा संगणक आजच 110 फ्रेम देत असेल, तर अधिक ताकदवान कार्डापेक्षा 144 किंवा 165 हर्ट्‌झचा मॉनिटर डोळ्यांना अधिक काही देईल. तो आणल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये वेग स्वतः निवडावा लागतो, अन्यथा तोही 60वरच चालत राहू शकतो.

प्रोसेसरच्या बाबतीत नशीब मदरबोर्डच्या सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसण्याच्या खाचेवर, अवलंबून असते. एएमडीचे एएम4 सॉकेट येथे उदार ठरले: 2017च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक मदरबोर्डवर बायोस अद्ययावत करून 2022चा रायझन 7 5800एक्स3डी बसवता येतो. त्याच्या पोटात 96 एमबी एल3 कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळची द्रुत मेमरी, आहे. साध्या 5800एक्समध्ये ती 32 एमबीच आहे. गेमला वारंवार लागणारी माहिती जवळच मिळाल्याने रॅमकडे जाण्याच्या खेपा वाचतात. 5800एक्स3डी आता सहज मिळत नाही, पण आठ कोअरचा रायझन 7 5700एक्स हाही उदाहरणातल्या संगणकाला पुरेशी उभारी देतो. बायोस मात्र जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अद्ययावत करावा. इंटेलने सॉकेट अधिक वेगाने बदलले. आठव्या पिढीच्या वेळी तर सॉकेटचे नाव तेच ठेवूनही जुने मदरबोर्ड चालेनासे झाले.

अशा इंटेल संगणकांचे मालक, विशेषतः सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचे, वेगळ्या पेचात आहेत. विंडोज 10ला मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11च्या अधिकृत यादीत त्यांचे जवळपास सर्वच प्रोसेसर नाहीत. प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम असा तिहेरी बदल त्यांना करावा लागेल. नव्या एएम5 सॉकेटला केवळ डीडीआर5 रॅम चालते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्याने 2025च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. किमती उतरेपर्यंत थांबायचे असेल, तर जे भाग पुढच्या संगणकात सोबत येतील त्यांवरच खर्च करावा: एनव्हीएमई एसएसडी, चांगला एसएमपीएस, मॉनिटर, हवेशीर कॅबिनेट आणि ग्राफिक्स कार्ड हे नव्या मदरबोर्डवरही कामी येतात, तर डीडीआर4च्या नव्या पट्ट्या जुन्या मदरबोर्डबरोबरच मागे राहतात.