इंजेक्टरची मागणी घटते तेव्हा

नाशिककर चौकाला आजही ‘मायको सर्कल’च म्हणतात, ‘मायको’ कंपनीचं नाव मात्र २००८ मध्ये ‘बॉश’ झालं. तिच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांसाठी नोझल आणि इंजेक्टर बनतात. लासलगाव-निफाडकडच्या कांदा पिकवणाऱ्या घरात सातपूर किंवा अंबडच्या कारखान्याचा पगार येत असेल, तर भाव पडलेलं वर्षही निभतं.

२०१९ मध्ये वाहनविक्री घसरली आणि या कारखान्याला काही दिवस उत्पादन बंद ठेवावं लागलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले, जुन्या धाटणीच्या भागांची गरज आटली. विजेच्या गाडीला तर इंजेक्टर लागतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये बॉशने आणखी सुमारे १३,००० पदं कमी करण्याचं जाहीर केलं, बहुतांश जर्मनीत.

कपातीची पहिली झळ कंत्राटी आणि हंगामी कामगारांना बसते, आणि ते अन्यायाचं आहे.

कायद्यानुसार वर्षभरात २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला कपातीच्या वेळी सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून मिळतो. मोठ्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. नव्या औद्योगिक संबंध संहितेने ही अट लागू होण्याची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली. त्याहून लहान पुरवठादाराला परवानगीची अट नाही. म्हणून भरपाईचा हक्क सिद्ध करता यावा यासाठी वेतनचिठ्ठी, हजेरीची नोंद आणि पीएफचा तपशील कामगाराने स्वतःजवळ ठेवायलाच हवा.