सल्ला नाही, फक्त आपबीती

ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या पिणाऱ्या नोकरदाराची खरी परीक्षा संध्याकाळी सात ते नऊ. गर्दीच्या लोकलमधून उतरावं तर स्टेशनबाहेर बार, आणि घरी भांडण वाट बघत असतं. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या म्हणजे ‘एए’च्या बऱ्याच मीटिंगा नेमक्या याच सुमारास भरतात. पूर्वी बारमध्ये जाणारा तास तिथे खर्ची पडतो, हा पहिला फायदा.

मीटिंगची जागा साधीच, शाळेचा वर्ग किंवा चर्चची खोली. फॉर्म नाही, फी नाही, आडनाव कुणी विचारत नाही. सभासद व्हायची अट एकच: दारू सोडायची इच्छा. खर्चासाठी शेवटी पैसे गोळा होतात, ज्याला जमेल त्याने टाकायचे. बाहेरची देणगी घेत नाहीत. मीटिंग चालवतो तोही सभासदच. सुरुवातीचं वाचन झालं की एकेक जण पहिलं नाव सांगून, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणून बोलायला लागतो.

बोलायचं स्वतःपुरतं: तेव्हा काय होतं, मग काय घडलं, आज कसं आहे. कुणी सांगतो, अर्धा पगार घरी पोचायच्या आत संपायचा. कुणी सांगतो, बायको कपाटं तपासायची म्हणून क्वार्टर फ्लशच्या टाकीत ठेवायचो. यावर सगळे हसतात, कारण टाकीची युक्ती आणखीही काहींनी केलेली असते. बाहेर ज्याची लाज वाटते ते इथे मोकळेपणी बोलता येतं.

मध्येच तोंड घालायचं नाही आणि ‘तू असं कर’ म्हणायचं नाही. उपदेश पिणाऱ्याने आयुष्यभर ऐकलेला असतो आणि त्यावर सबबही तयार असते. दुसऱ्याच्या आपबीतीवर मात्र सबब चालत नाही.

फायदा ऐकणाऱ्याइतकाच बोलणाऱ्याचा. एए सुरू झाली तीही अशीच. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात कामात अपयश येऊन अडकला होता. पुन्हा पिऊ नये म्हणून त्याला बोलायला दुसरा दारुडा हवा होता. पाद्र्यांना फोन करता करता तो डॉ. बॉब स्मिथ या सर्जनपर्यंत पोचला. डॉ. बॉब शेवटचे प्यायले ती तारीख, १० जून १९३५, एएचा स्थापनादिन मानतात. भारतात हे काम १९५७ मध्ये सुरू झालं.

दोन मीटिंगांच्या मधला काळ सांभाळायला स्पॉन्सर असतो. तो म्हणजे आधीपासून सोबर असलेला, हक्काने फोन करावा असा सभासद. ‘फक्त आजचा दिवस’ एवढंच व्रत. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चार वेळांना जपायचं. गटारी किंवा हळदीची रात्र असेल तर आधीच फोन लावायचा. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलं गेलंच, तरी दार बंद होत नाही. न पिता गेलेल्या दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, इतकंच.

मात्र मीटिंग म्हणजे दवाखाना नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर पहिल्या काही दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून दारू थांबवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून उपचार आणि परस्पर आधार यांची सांगड घातली आहे, तिथे दारू सोडलेली माणसंही नव्यांसाठी काम करतात. ठाण्यात १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णींची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्य संस्था आहे.

एएचा उपयोग होतो का? वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. दारूपासून पूर्ण दूर राहणं टिकवण्यात, रुग्णाला पद्धतशीरपणे एएशी जोडून देणारे उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. अर्थात सगळ्यांनाच ते लागू पडतात असं नाही.

ओळखीचं कुणी भेटेल म्हणून संकोच वाटत असेल, तर डोंबिवलीकराने ठाण्याची मीटिंग गाठावी. एक गट रुचला नाही तर दुसरा बघावा. आणि पिणारा स्वतः जायला तयारच नसेल, तर बायकोने किंवा आईने थांबू नये; घरच्यांसाठी ‘अल-अनॉन’ आहे, आणि तिथे जायला त्याने दारू सोडलेली असावी लागत नाही.