रापा नुई : पाषाणपुरुषांचे बेट

चिलीच्या किनाऱ्यापासून सुमारे ३,५०० किलोमीटर दूर, प्रशांत महासागरात रापा नुई हे जेमतेम १६४ चौरस किलोमीटरचे बेट आहे. ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, डच दर्यावर्दी याकोब रोगेवेन येथे पोहोचला. तेव्हापासून जग त्यास ‘ईस्टर बेट’ म्हणून ओळखते.

येथे ‘मोआई’ नावाचे नऊशेच्या आसपास पाषाणपुतळे आहेत. ते पूर्वजांचे प्रतीक असून बहुतेकांची पाठ समुद्राकडे व मुख वस्तीकडे आहे. राणो राराकू या मृत ज्वालामुखीच्या उतारावर ते कोरले जात. अपुरे राहिलेले कित्येक पुतळे आजही तेथे खडकाला चिकटूनच आहेत. त्यांतील एक तर सुमारे २१ मीटर लांबीचा! टोंगारिकी येथील पंधरा पुतळे १९६० च्या सागरी लाटेने विखुरले होते. जपानी साहाय्याने ते १९९० नंतरच्या दशकात पुन्हा उभे राहिले.

बेटवासीयांनी वृक्षतोड करून स्वतःचाच नाश ओढवला, ही कथा पुष्कळदा सांगितली जाते. ती आता तपासून घ्यावी लागेल. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन जनुकांच्या अभ्यासात अशा लोकसंख्या-ऱ्हासाचा पुरावा आढळला नाही. खरा घाला पडला तो १८६२ पासून. पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी माणसे पळविली, मागोमाग देवीची साथ आली आणि १८७७ साली अवघे १११ जण उरले. पुढे बेटाचे विस्तीर्ण मेंढीकुरण झाले व मूळ रहिवासी हांगा रोआ गावाच्या कुंपणात कोंडले गेले.

त्याच लोकांच्या ‘माऊ हेनुआ’ या संस्थेकडे २०१७ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा कारभार आला, हे ध्यानात घेतल्यास आजचे नियम जाचक वाटणार नाहीत. २०१८ पासून प्रवाशास तीसच दिवस राहता येते. प्रमुख स्थळी स्थानिक वाटाड्या सोबत लागतो.

चालण्याची हौस असणाऱ्याने ५०७ मीटर उंचीचे तेरेवाका शिखर गाठावे. माथ्यावरून चहूकडे समुद्रच दिसतो. घोड्यावरूनही तेथे जाता येते. पोहण्यासाठी आनाकेनाचा वालुकामय किनारा आहे. ओरोंगोच्या कड्यावरून मोटू नुई हा खडक दिसतो. पूर्वी दरवर्षी तरुण पोहत तेथे जात आणि समुद्रपक्ष्याचे पहिले अंडे आणणाऱ्याचा सरदार त्या वर्षाचा ‘पक्षीमानव’ ठरे. पुतळ्यांस हात लावण्यास आणि त्यांच्या चौथऱ्यांवर पाय ठेवण्यास मात्र सक्त मनाई आहे.