मुशीचा नकाशा

परभणीला समुद्र नाही. पण गंगाखेडच्या घाटावरून पुढे गेलेले गोदावरीचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते. नद्यांनी वाहून नेलेल्या पोषक क्षारांवर किनाऱ्याजवळचे प्लवक पोसते. असल्याच प्लवकावर जगातला सर्वांत मोठा मासा, व्हेल शार्क, जगतो. नावात व्हेल असला तरी हा देवमासा नव्हे. कल्ल्यांनी श्वास घेणारी ही अजस्र मुशी! लांबी एस.टी.च्या गाडीएवढी, क्वचित त्याहूनही जास्त, आणि स्वभाव गायीचा.

या गरीब प्राण्याची १९९०च्या दशकात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर कत्तल चालली होती. यकृताचे तेल होड्यांना, मांस परदेशी. माइक पांडे यांच्या २००० सालच्या माहितीपटाने ते जगापुढे आले आणि २००१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाले. पण कोळ्यांचे मन वळवले ते मोरारीबापूंनी. २००४ मध्ये सुरू झालेल्या मोहिमेत त्यांनी या माशाला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हटले. लेकीवर हत्यार कोण उचलणार? महाराष्ट्रातही २०१८ पासून, जाळे कापून असा संरक्षित जीव सोडणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली.

जाळ्यात सापडण्याआधीच तो कुठे असेल हे कळले तर? शास्त्रज्ञ माशाच्या अंगावर उपग्रहाशी बोलणारे यंत्र लावतात. त्याच्या वाटांशी पाण्याचे तापमान, खोली आणि प्लवकातले हरितद्रव्य ताडून पाहतात आणि नकाशा मांडतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था तापमान आणि हरितद्रव्य पाहूनच मच्छीमारांना मासळीच्या जागा कळवते, म्हणजे विद्या घरचीच आहे. २०२४ च्या एका अभ्यासाने तर इशारा दिला आहे, की समुद्र तापत गेला तर हे मासे मोठ्या जहाजांच्या वाटेवर सरकतील.

मला धास्ती वेगळीच वाटते. वाचवणाऱ्याला जो नकाशा उपयोगी, तोच गर्दी जमवणाऱ्यालाही. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला पर्यटकांसाठी माशांना रोज खाऊ घालतात, म्हणून काही मासे तिथेच रेंगाळतात. ऑस्ट्रेलियातल्या निंगालूला एका वेळी दहापेक्षा जास्त माणसे माशाजवळ उतरत नाहीत आणि शेपटीपासून चार मीटर दूर राहतात. आपल्याकडची कुटुंबे सुटीत तारकर्लीला जातात. उद्या तिथे कुणी ‘व्हेल शार्क दाखवतो’ म्हणाला, तर पैसे देण्याआधी विचारा: पाण्यात किती जण उतरवणार, आणि त्याला खायला तर घालत नाही ना?